मिठाच्या कराचा हिशोब मागणारे कोतळूकचे गोपाळराव

सरकारच्या तिजोरीत सात कोटी रुपये शिल्लक राहिले, ही बातमी चांगली की वाईट? १९०२ साली कलकत्त्याच्या सभागृहात बसलेल्या बहुतेकांना ती चांगलीच वाटली होती. अर्थखात्याचे सभासद एडवर्ड लॉ यांचं कौतुक चाललं होतं. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. सभागृहात सरकारी अधिकाऱ्यांचं बहुमत. अशा ठिकाणी २६ मार्चला पस्तीस वर्षांचा एक मराठी मास्तर उभा राहिला आणि या कौतुकात आपल्याला सामील होता येत नाही, असं त्याने पहिल्यांदाच सांगून टाकलं. देशात दुष्काळ, प्लेग आणि उपासमार चालू असताना सरकारकडे एवढी शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलंय, हा त्याचा मुद्दा होता.

हे मास्तर म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे.

गांधीजींचे राजकीय गुरू आणि मवाळ पुढारी, एवढीच त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकात राहिली आहे. टिळक जहाल आणि गोखले मवाळ, असा एक मार्काचा प्रश्न परीक्षेत यायचा आणि विषय संपायचा. पण सारा, मीठ, कापड, साखर, जमीन या शेतकऱ्याच्या रोजच्या गोष्टींवर सरकारशी आकड्यांनी भांडणारा हा माणूस होता. ती बाजू गावात फार कमी लोकांना माहीत आहे.

आठ रुपयांतलं शिक्षण

९ मे १८६६ रोजी कोतळूकला त्यांचा जन्म झाला. घर गरीब. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळ कागलला कारकून होते, पुढे फौजदार झाले. गोपाळ तेरा वर्षांचा असताना १८७९ साली वडील गेले. थोरला भाऊ गोविंद अठरा वर्षांचा. त्याने स्वतःचं शिक्षण सोडलं आणि पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्या पंधरातले आठ रुपये तो दर महिन्याला कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचा. उरलेल्या सात रुपयांत बाकी सगळं घर.

गोपाळला याची जाणीव होती. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करायचा, तेल वाचवायला रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करायचा. एक गोष्ट नेहमी सांगतात. एका मित्राने त्याला नाटकाला नेलं. गोपाळला वाटलं, मित्र दाखवतोय. नंतर मित्राने तिकिटाचे पैसे मागितले. भावाकडे जास्तीचे मागायचे नाहीत म्हणून त्याने ते पैसे दिव्याच्या तेलातून वाचवून फेडले. दुसरी गोष्ट गणिताची. घरी दिलेलं गणित वर्गात त्याच्या एकट्याचंच बरोबर आलं, मास्तरांनी शाबासकी दिली, तर हा रडायला लागला. गणित सोडवायला दुसऱ्याची मदत घेतली होती म्हणून. गोष्टी सांगताना थोडं मीठमसाला पडतोच, पण ज्या माणसाने पुढे सरकारचे आकडे तपासले त्याच्याबद्दल अशाच गोष्टी राहाव्यात, हे पटण्यासारखं आहे.

कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, थोडे दिवस पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मग मुंबईचं एल्फिन्स्टन, असं करत १८८४ साली ते बी. ए. झाले. मोठी सरकारी नोकरी धरायची किंवा वकिली करायची, हा त्या काळचा सरळ रस्ता होता. भावाने काढलेले दिवस बघता घरच्यांचीही तीच अपेक्षा असणार. पण १८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर मास्तर झाले. मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे समोर येईल ते. त्यांनी केलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळांमध्ये चांगलं चाललं.

रानडे आणि सोलापूरचे जोशी

पुण्यात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे भेटले. रानड्यांनी या तरुण मास्तराला कामाला जुंपलं. सरकारचे अहवाल वाचायचे, त्यातले आकडे काढायचे, त्यावर अर्ज लिहायचे, अर्ज पसंत पडला नाही तर पुन्हा लिहायचा. काही वर्षं हेच चाललं. १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये ते मिठावरचा कर कमी करा या मागणीवर बोलले. म्हणजे १९०२ चं भाषण एकदम आकाशातून पडलेलं नव्हतं.

आणखी एक नाव इथे घ्यायला पाहिजे, गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरला हायस्कूलचे मुख्याध्यापक. सरकारी जमाखर्च, सारा, चलन या विषयांत त्यांच्याइतका अभ्यास त्या काळात फार थोड्यांचा होता. सरकारी शाळेतली नोकरी, त्यामुळे उघड भाषणं करायची सोय नाही. मोठ्या भाषणाआधी गोखले या जोशीबुवांकडून आकडे आणि टिपणं घ्यायचे. कलकत्त्याच्या सभागृहात अर्थखात्याला घाम फोडणाऱ्या भाषणांमागे सोलापूरच्या एका हेडमास्तरची मेहनत होती, हे विसरलं जातं.

१८९५ मध्ये हिंदुस्थान सरकारचा खर्च तपासण्यासाठी विलायतेत वेल्बी कमिशन नेमलं होतं. दादाभाई नौरोजी त्या कमिशनचे सभासद होते. १८९७ मध्ये साक्ष द्यायला इथून जे गेले त्यात तीस वर्षांचे गोखले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कर भरणारा हिंदुस्थानचा, पण खर्चावर त्याचा काडीचा ताबा नाही. सरहद्दीपलीकडच्या लढायांचा खर्च त्याच्या माथी. मोठ्या जागा सगळ्या गोऱ्या साहेबांना, त्यांचे पगार मोठे, आणि निवृत्त झाल्यावर पेन्शन विलायतेत. देशी माणसाला त्याच जागा दिल्या तर खर्चही कमी होईल आणि पैसा देशात राहील. कमिशनच्या सभासदांनी उलटसुलट प्रश्न विचारले, पण हे आकड्याला धरून राहिले.

त्याच फेरीत त्यांच्या हातून एक चूक झाली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या वेळी गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांच्या बातम्या पत्रांतून त्यांना विलायतेत कळल्या. त्यांनी तिथे त्या जाहीर केल्या. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर कोणी नाव द्यायला तयार होईना. तेव्हा गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. माफी मागितली म्हणून पुण्यात त्यांना फार ऐकून घ्यावं लागलं, कित्येकांनी भित्रा ठरवलं. पुढच्या आयुष्यात पुराव्याशिवाय एक वाक्य बोलायचं नाही ही त्यांची जी सवय दिसते, तिला या प्रसंगाची धार नक्की असणार.

सातबाऱ्यावरची नवीन शर्त

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात गेले. तिथल्या एका भांडणाचा संबंध आजच्या सातबाऱ्याशी आहे.

१८९९-१९०० चा दुष्काळ भयंकर होता. हजारो शेतकऱ्यांचा सारा थकला. सारा थकला की जमीन सरकारजमा. १९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सरकारजमा झालेली जमीन पुन्हा कसायला द्यायची, पण अट घालून. अट अशी की, ती विकता येणार नाही आणि गहाण ठेवता येणार नाही. सरकारचा दावा होता की, सावकार जमिनी गिळतोय, त्यापासून शेतकऱ्याला वाचवायचंय.

हा दावा अगदीच खोटा होता असं नाही. पुणे-नगरकडे १८७५ साली सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले होते, सावकारांची खाती जाळली होती. सावकारी पाश खरा होता. पण गोखल्यांनी विचारलं ते असं की, जमीन गहाण ठेवता येत नसेल तर शेतकऱ्याला कर्ज देणार कोण? बियाणं, बैल, लग्न, दुखणं, याला पैसा कुठून आणायचा? सरकारची तगाई गरजेला पुरत नाही. सावकाराचा दरवाजा बंद केला आणि दुसरा उघडला नाही, तर माणूस मधल्या मध्ये अडकतो. आणि जी जमीन विकता येत नाही ती खऱ्या अर्थाने त्याची राहतच नाही. तो सरकारचा कूळ होतो. सारा वेळेवर भरता आला नाही म्हणून सावकाराच्या दारात जावं लागतं, तर सारा वसूल करण्याची पद्धत आधी सैल करा, असंही त्यांचं म्हणणं होतं.

ऑगस्ट १९०१ मध्ये फिरोजशहा मेहतांनी हा कायदा पुढे ढकलायची सूचना मांडली. ती फेटाळली गेली. तेव्हा मेहता, गोखले आणि आणखी काही लोकनियुक्त सभासद उठून बाहेर पडले. सभात्याग ही आज रोजची गोष्ट आहे, त्या काळात ती फार मोठी होती. कायदा अर्थातच पास झाला. सातबाऱ्यावर नवीन शर्त, भोगवटादार वर्ग २ असा शेरा असला की विक्रीला कलेक्टरची परवानगी, नजराणा, हेलपाटे, हे ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. त्या शर्तीची मुळं याच दुरुस्तीत आहेत.

गोखले विरोध करून थांबले नाहीत. शेतकऱ्यासाठी पतपुरवठ्याच्या संस्था उभ्या करा, अशी मागणी ते करत राहिले. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तेव्हा त्यावरही सभागृहात ते बोलले. गावोगावच्या सोसायट्यांची सुरुवात त्या कायद्यातून आहे.

शेराला एक आणा

आता परत कलकत्त्याला. मेहतांनी जागा सोडल्यावर १९०१ च्या अखेरीस गोखले मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले. तिथे बजेटवर मतदान नव्हतं. सभासदाने वर्षातून एकदा भाषण करायचं, सरकारने ते ऐकायचं आणि पाहिजे ते करायचं. एवढाच अधिकार. मग भाषणाशिवाय हातात दुसरं काही नव्हतं.

१९०२ च्या भाषणाचा गाभा समजायला थोडा हिशोब करायला लागेल.

हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडात पैसे भरायला लागत. पेन्शनी, कर्जाचं व्याज, सामान, लष्कराचा खर्च. आपला रुपया चांदीचा, आणि जगात चांदीचा भाव पडत चालला होता. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाला साधारण १३ पेन्स मिळायचे. एका पौंडात २४० पेन्स. म्हणजे एक पौंड भरायला साडेअठरा रुपयांच्या आसपास लागायचे. ही तूट भरून काढायची म्हणून सरकारने एकामागून एक कर लावले. १८८६ मध्ये प्राप्तिकर. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये. नंतर आयात मालावर जकात. मग सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद करून रुपया चढवला आणि १६ पेन्सच्या भावाला आणून ठेवला. आता एक पौंड पंधरा रुपयांत भरला जाऊ लागला. तूट गेली. पण तुटीसाठी लावलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक पडणारच!

गोखल्यांनी नेमकी हीच नस पकडली. ही शिल्लक देश सुखी झाल्यामुळे पडलेली नाही, शेतं पिकल्यामुळे नाही, व्यापार वाढल्यामुळेही नाही. रुपया महाग केला आणि कर उतरवले नाहीत, म्हणून ती पडली. रुपया महाग केल्याचा फटका शेतकऱ्याला वेगळाच बसतो. कापूस, गळिताची धान्यं बाहेरदेशी पौंडाच्या भावाने जातात. पौंडाला अठरा रुपये मिळायचे तिथे पंधरा मिळाले तर बाकीचे तीन रुपये कुणाच्या पदरचे गेले? सारा मात्र तेवढाच भरायचा.

मिठाचं गणित तर पोरालाही कळेल असं आहे. मणाला अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. मणाचे शेर चाळीस. म्हणजे शेरामागे एक आणा नुसता कर. मिठागरात मीठ तयार करायचा खर्च मणाला काही आण्यांचाच. आणि शेतमजुराची दिवसाची मजुरी बऱ्याच भागांत दोन-चार आणे. श्रीमंताच्या घरी जेवढं मीठ लागतं तेवढंच गरिबाच्या घरी लागतं, उलट भाजी-तुपाची चैन नसलेल्या गरिबाला ते जास्तच लागतं. गुराढोरांनाही लागतं. त्यामुळे हा कर सगळ्यात जास्त गरिबावर पडतो. कर वाढवल्यावर लोकांनी मीठ खाणं कमी केलं, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं. कर उतरवा, खप वाढेल, तुमचं फार नुकसान होणार नाही, हेही सांगितलं.

बरं, पैसा जात कुठे होता? लष्करावर. १८८५ मध्ये रशियाची भीती दाखवून फौजेत सुमारे ३० हजार माणसांची भर घातली होती. भीती ओसरली, फौज तेवढीच राहिली. पुढे त्यातल्या काही पलटणी चीन आणि दक्षिण आफ्रिकेच्या लढाईला पाठवल्या, तरी इथलं काही अडलं नाही. मग एवढी फौज कशाला पोसायची, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला. समोर बसलेल्या साहेबांना तो आवडला नाही.

भाषण छापून देशभर गेलं. इंग्रजी वर्तमानपत्रांनाही दखल घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर अडीचवरून दोन रुपये झाला. प्राप्तिकराची सूट वार्षिक पाचशे रुपये उत्पन्नावरून हजारावर गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया. १९०७ मध्ये एक रुपया. शेराला एक आणा होता तो पाच पैंच्याही आत आला. खप वाढला, गोखले म्हणाले होते तसाच. हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं म्हणणं बरोबर नाही. काँग्रेस कित्येक वर्षं तेच मागत होती, आणि तिजोरीत पैसा असल्यामुळे सरकारला ते परवडणारंही होतं. पण परवडतंय हे सरकारला तोंडावर, त्याच्याच वहीतून दाखवणारा माणूस लागतो.

लष्करी खर्च मात्र त्यांना कमी करता आला नाही. लॉर्ड किचनेर सरसेनापती झाल्यावर तो उलट वाढला. दरवर्षी गोखले त्यावर बोलायचे, दरवर्षी सरकार ऐकायचं.

कापड आणि साखर

इंग्रज सरकार खुल्या व्यापाराचं नाव फार घ्यायचं. कुणाला सवलत नाही, कुणाला संरक्षण नाही, ज्याचा माल स्वस्त त्याचा विकला जाईल. ऐकायला चांगलं आहे. पण १८९६ मध्ये काय केलं बघा. विलायती कापडावरची आयात जकात पाच टक्क्यांवरून साडेतीन टक्के केली, आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर तेवढाच साडेतीन टक्के अबकारी कर लावला. मँचेस्टर आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांना इथल्या गिरण्यांचा फायदा सोसवत नव्हता, म्हणून. आपल्याच देशात विणलेल्या कापडावर आपल्याच सरकारने कर लावायचा, तोही परक्या गिरणीवाल्यांच्या समाधानासाठी. हा कर काढा, ही मागणी १९०२ च्या भाषणातही होती.

यावरून कोणालाही वाटेल की, मग गोखले आयात मालावर मोठी जकात लावा म्हणत असतील. तसं सरसकट नव्हतं. १९११ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी परदेशी साखरेवरची जकात वाढवायचा ठराव मांडला. जावा आणि मॉरिशसची साखर इथे स्वस्त येत होती, आणि इथला ऊस-गुळाचा धंदा मार खात होता. गोखले सभागृहात सावधपणे बोलले. संरक्षण दोन तऱ्हेचं असतं, एक बरोबर आणि एक चुकीचं, असा त्यांचा विचार होता. नव्या धंद्याला उभं राहायला हात द्यायचा, पण त्याच्या आडून बड्या लोकांची टोळी जमून सगळ्या जनतेच्या खिशातून पैसा काढणार नाही याची काळजी घ्यायची, हे बरोबर. नुसती जकात वाढवायची आणि फायदा वजनदार लोकांनी लाटायचा, हे चुकीचं. आणि ज्या सरकारवर लोकांचा ताबा नाही ते दुसऱ्याच प्रकारचं संरक्षण देण्याची भीती जास्त, म्हणून सध्या खुला व्यापारच कमी धोक्याचा, असं त्यांचं मत होतं.

हे त्या वेळी अनेक देशभक्तांना रुचलं नसेल. ऊस लावणाऱ्याला आजही रुचणार नाही, आणि दुकानातून साखर घेणाऱ्या मजुराला पटेल. पुढे १९३२ मध्ये साखरेला संरक्षण मिळालं आणि देशात कारखाने भराभर उभे राहिले, हेही खरं आहे. ते संरक्षण बरोबर तऱ्हेचं झालं की चुकीच्या, यावर कारखान्याच्या पट्ट्यात बसून अजून वाद घालता येईल.

शाळेला पैसा नाही

सरकारने खर्चच करू नये, असं गोखल्यांचं म्हणणं कधीच नव्हतं. लष्कर आणि साहेबांच्या पगारावरचा खर्च त्यांना नको होता. शाळा, पाटबंधारे, गावचं आरोग्य यावरचा हवा होता. शिल्लक पडलीच तर काही कर उतरवा आणि बाकीचा पैसा इथे लावा, हा त्यांचा आग्रह.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं बिल मांडलं. फार मोठी उडी नव्हती. जिथे आधीच बरीच मुलं शाळेत जातात अशाच भागात, नगरपालिका आणि लोकल बोर्डाची तयारी असेल तरच सक्ती लागू करायची. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्येच सगळ्या संस्थानात सक्तीचं शिक्षण सुरू केलं होतं, ते उदाहरण समोर होतं. सरकारने पैशाचं कारण पुढे केलं. काही जमीनदार, संस्थानिकांनाही ते नको होतं. शेतावर काम करणारी पोरं शाळेत गेली तर मजूर कुठून मिळणार, ही भीती होतीच. १९ मार्च १९१२ रोजी बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

तीन पौंडांचा कर

त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. नाताळमध्ये उसाच्या मळ्यांवर कराराने नेलेले हिंदी मजूर होते. करार संपल्यावर तिथेच स्वतंत्र राहायचं तर माणशी वर्षाला तीन पौंड कर. नवरा, बायको, मोठी झालेली मुलं, सगळ्यांवर. त्या वेळच्या भावाने पंचेचाळीस रुपये माणशी. कर भरता येत नाही म्हणून माणूस पुन्हा कराराच्या गुलामीत जायचा, आणि हेतूही तोच होता. नाताळला मजूर पाठवणं थांबवा हा ठराव गोखल्यांनी १९१० मध्येच सभागृहात आणला होता. सरकारने तो मानला होता, आणि १९११ पासून तिकडे मजूर जाणं बंद झालं होतं. सगळ्याच वसाहतींना मजूर पाठवणं बंद करा असा ठराव १९१२ मध्ये आणला, तो मात्र पडला.

आफ्रिकेत गांधी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरले. प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांशी भेट झाली, आणि तीन पौंडांचा कर जाईल असा शब्द मिळाला, असं गोखले समजून परत आले. सरकारने तो पाळला नाही. १९१३ मध्ये मजुरांनी संप केला, गांधींनी मोर्चा काढला, हजारो तुरुंगात गेले. गोखले इथे आजारी असतानाही पैसा गोळा करत होते. १९१४ मध्ये कर रद्द झाला.

मधल्या काळात बरंच काही झालं. १९०५ मध्ये बनारस काँग्रेसचं अध्यक्षपद, त्याच वर्षी १२ जूनला पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना, १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. टिळकांशी मतभेद विकोपाला गेले. सरकारला वाटायचं हा माणूस फार टोचतो, आणि पुण्यातल्या पुष्कळांना वाटायचं हा सरकारला फार मऊ लागतो. १९१४ मध्ये सरकारने सर हा किताब देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही.

मधुमेहाने शरीर पोखरलं होतं. शेवटच्या दिवसांतही ते सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कमिशनचं काम करत होते. हिंदी माणसाला मोठ्या जागा का मिळत नाहीत, हा वेल्बी कमिशनपुढे मांडलेला जुनाच प्रश्न. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले. वय अठ्ठेचाळीस. स्मशानात टिळक आले आणि त्यांनी गोखल्यांच्या कामाचा गौरव केला.

वर्षभरात, १९१६ मध्ये, सरकारने मिठावरचा कर एक रुपयावरून सव्वा रुपया केला. १९२३ मध्ये तो पुन्हा अडीच रुपये झाला, कायदेमंडळाने नको म्हटलं असताना व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात तो लादला. पुढच्या वर्षी परत सव्वा रुपयावर यावं लागलं. कापडावरचा अबकारी कर १९२५ च्या अखेरीस थांबला. १९३० मध्ये गोखल्यांना गुरू मानणाऱ्या गांधींनी दांडीला जाऊन मूठभर मीठ उचललं. मिठाचा कर १९४७ च्या बजेटमध्ये रद्द झाला.